रांग बदलली म्हणून नंबर लागतो का?

सीता गुंफेच्या रांगेत कधी उभे राहिला आहात? माझं लहानपण पंचवटीत गेलं, त्यामुळे मे महिन्यात पाहुणे आले की त्यांना काळाराम, सीता गुंफा आणि रामकुंड दाखवून आणायची ड्यूटी आम्हा पोरांची. गुंफेची वाट इतकी अरुंद की वाकून, बसून, सरकत सरकत आत जावं लागतं. साहजिकच बाहेर रांग. आणि त्या रांगेत दर वेळी एक तरी काका असे असायचेच, ज्यांना वाटायचं की आपली रांग हलत नाहीये आणि बाजूची मात्र भराभर सरकतेय. मग ते तिकडे जाऊन उभे राहायचे. पाच मिनिटांनी कळायचं, ती चपला ठेवायची रांग होती.

हे काका मला पुढे बऱ्याच वेळा भेटले. ऑफिसात, व्हिसाच्या कामात, आणि आरशात सुद्धा. पण आज त्यांची आठवण येण्याचं कारण एक क्रिकेटपटू आहे. एजाज पटेल.

शनिवार, ४ डिसेंबर २०२१. वर्क फ्रॉम होम चालू होतं, म्हणून मी पुण्याहून पंचवटीला आई-बाबांकडे येऊन राहिलो होतो. गावात ९४ वं साहित्य संमेलन भरलं होतं, आडगावला, म्हणजे आमच्याकडून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर. संध्याकाळी जाऊ म्हणत सकाळी टीव्हीसमोर बसलो. वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध दुसरी कसोटी होती. आदल्या दिवशी मैदान ओलं म्हणून खेळ उशिरा सुरू झाला होता, आणि तेवढ्यातही या डावखुऱ्या स्पिनरने चार जणांना घरी पाठवलं होतं: गिल, पुजारा, कोहली, श्रेयस. पुजारा आणि कोहली दोघंही शून्यावर.

दुसऱ्या दिवशी तो थांबेचना. पाच झाल्या, सहा झाल्या. सहाव्याच्या पुढच्याच चेंडूवर नसलो तरी चहा टाकायला मी उठलो, परत येतो तर बाबा सोफ्याच्या कडेवर सरकून बसलेले. आठ झाल्यावर त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बोलावलं. नऊ झाल्यावर घरात कोणी बोलत नव्हतं. आपलीच टीम आऊट होतेय आणि आम्ही तिघंही मनातल्या मनात म्हणतोय, शेवटची पण यालाच मिळू दे, दुसऱ्या कोणी मध्ये हात घालू नये. सिराजने उंच मारला, रचिन रवींद्र खाली उभा राहिला, झेल घेतला. ४७.५ षटकं, १२ निर्धाव, ११९ धावा, १० विकेट. कसोटीच्या एका डावात दहाच्या दहा विकेट याआधी फक्त दोघांनी घेतल्या होत्या: १९५६ मध्ये मँचेस्टरला जिम लेकरने आणि १९९९ मध्ये दिल्लीला अनिल कुंबळेने.

"आपलाच पोरगा आहे तो. मुंबईचा," बाबा म्हणाले.

"बाबा, तो आपल्या विरुद्ध खेळतोय."

"मग काय झालं? इथे राहिला असता तर आपल्याकडून खेळला असता."

"इथे राहिला असता तर खेळलाच नसता," मी म्हणालो.

त्यावरून जी जुंपली ती संध्याकाळपर्यंत. संमेलन राहिलंच. आज हे लिहायला बसलोय ते हे सांगायला की त्या दिवशी बाबाही चूक होते आणि मी पण. फक्त माझी चूक मला जास्त वेळाने कळली.

आधी माझी बाजू मांडतो, कारण ती अगदीच टाकाऊ नव्हती.

एजाजचा जन्म मुंबईचा, २१ ऑक्टोबर १९८८ चा. १९९६ मध्ये आई-वडिलांनी बिऱ्हाड उचललं आणि न्यूझीलंड गाठलं. पोरगा तेव्हा आठेक वर्षांचा होता. ऑकलंडला तो क्रिकेट खेळू लागला तो स्पिनर म्हणून नव्हे, डावखुरा फास्ट बोलर म्हणून! आता उंची जेमतेम साडेपाच फूट. साडेपाच फुटांच्या फास्ट बोलरचं न्यूझीलंडमध्ये भविष्य काय असणार, हे तुम्हीच ठरवा. विशी गाठल्यावर त्याने ते सोडलं आणि स्पिन शिकायला घेतली. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात पोरं कँपस प्लेसमेंट उरकून बेंचवर बसलेली असतात, त्या वयात याने प्लॅटफॉर्मच बदलला.

शिकवायला भेटले दीपक पटेल. जुन्या लोकांना १९९२ चा वर्ल्ड कप आठवत असेल, ज्यात न्यूझीलंडने नवा चेंडू चक्क ऑफस्पिनरच्या हातात दिला होता. तेच हे. जन्म नैरोबीचा, वाढले इंग्लंडमध्ये, वूस्टरशायरकडून खेळले, मग न्यूझीलंडला गेले आणि त्या देशाकडून ३७ कसोट्या खेळले. दोनदा देश बदललेल्या माणसाने एकदा देश बदललेल्या मुलाला चेंडू वळवायला शिकवलं.

ऑकलंडच्या संघात काही जागा मिळेना. मग तो सेंट्रल डिस्ट्रिक्ट्सकडे गेला आणि २०१२ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, पहिला फर्स्ट क्लास सामना खेळला. २०१७-१८ च्या मोसमात नऊ सामन्यांत ४८ विकेट घेऊन तो देशात पहिला आला. कसोटी पदार्पण नोव्हेंबर २०१८ मध्ये अबू धाबीला, म्हणजे तिशी ओलांडल्यावर. पाकिस्तानला जिंकायला १७६ हव्या होत्या, ते १७१ वर संपले, शेवटची विकेट याची. डावात पाच बळी आणि पहिल्याच कसोटीत मॅन ऑफ द मॅच.

आता हाच प्रवास मुंबईत करून बघा. विसाव्या वर्षापर्यंत फास्ट बोलर, तोही शहराच्या निवडीत न आलेला. मग एकदम म्हणतो, मी आता लेफ्ट आर्म स्पिन टाकणार. कोण उभं करेल? मुंबईत त्या वयापर्यंत सोळा वर्षांखालची, एकोणीस वर्षांखालची सगळी गाळणी होऊन गेलेली असते. न्यूझीलंडमध्ये फर्स्ट क्लासचे संघ सहा. आपल्याकडे रणजीचे ३८. ऐकायला आपल्याकडे जागा जास्त वाटतात. पण न्यूझीलंडची पूर्ण लोकसंख्या सुमारे पन्नास लाख, आणि आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होती. म्हणजे आमच्या जिल्ह्यापेक्षा लहान देशाला सहा संघ, आणि आमचा जिल्हा मात्र महाराष्ट्राच्या एका संघात जागा शोधणाऱ्या अनेक जिल्ह्यांपैकी एक. नाशिकचा सत्यजित बच्छाव, तोही डावखुरा स्पिनरच, त्या संघाकडून रणजी खेळला. ती काय चीज असते हे आम्हा नाशिककरांना विचारा.

आणि या सगळ्यावर माझा हुकमी एक्का होता: पद्माकर शिवलकर.

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईचा डावखुरा स्पिनर. १२४ फर्स्ट क्लास सामने, ५८९ विकेट, सरासरी विसाच्या आत. १९७२-७३ ची रणजी फायनल चेन्नईला तामिळनाडूविरुद्ध झाली, त्यात या माणसाने पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ घेतल्या. आता सांगा, भारताकडून कसोट्या किती? शून्य. कारण त्या काळी त्या जागेवर बिशनसिंग बेदी होता, आणि बेदीचं वाईट चाललंय असं काही होत नव्हतं. हरियाणाच्या राजिंदर गोयलचं तेच. गावसकरांनी आपल्या 'आयडॉल्स' पुस्तकात या दोघांना जागा दिली, निवड समितीने संघात दिली नाही. २०१७ मध्ये बोर्डाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला. शिवलकर मार्च २०२५ मध्ये गेले, वयाच्या ८४ व्या वर्षी.

"म्हणून सांगतो बाबा, इथे रांग आहे. तिथे नाही. एजाज गेला म्हणून त्याचा नंबर लागला." हे माझं वाक्य. सांगायला लाज वाटते, पण हे बोलताना माझ्या डोक्यात क्रिकेट नव्हतंच. लॅपटॉपवर कॅनडाच्या पीआरचा फॉर्म अर्धा भरून ठेवलेला होता आणि तो मी घरी सांगितला नव्हता. एजाजच्या आडून मी स्वतःची केस लढत होतो. बाबांना ते कळलं असावं. ते फक्त म्हणाले, "शिवलकर मुंबईत राहिला म्हणून त्याचं आयुष्य फुकट गेलं, असं तुला त्याने सांगितलंय का?"

मी विषय बदलला.

पुढे काय झालं ते ऐका.

दहा विकेट घेतल्या त्याच दिवशी न्यूझीलंडचा संघ ६२ धावांत गुंडाळला गेला. एजाजने दुसऱ्या डावात आणखी चार काढल्या. सामन्यात १४ विकेट, भारताविरुद्धची ती कोणाचीही सर्वोत्तम कामगिरी. तरी न्यूझीलंड ३७२ धावांनी हरलं. भारतीय खेळाडूंनी सह्या केलेली जर्सी त्याला दिली. अश्विनने तर ट्विटरला विनंती केली की बाबांनो, एवढं करून या माणसाला निळी टिक तरी द्या.

आणि मग डिसेंबर संपायच्या आत न्यूझीलंडने घरच्या बांगलादेश मालिकेचा संघ जाहीर केला. त्यात एजाज पटेल नव्हता.

मी ती बातमी दोनदा वाचली. दुखापत नाही, भांडण नाही, काही नाही. घरच्या खेळपट्ट्यांवर गवत असतं, तिथे चेंडू सीम होतो, चार फास्ट बोलर लागतात, स्पिन लागलीच तर बॅटिंग करणाऱ्या एखाद्याकडून चार षटकं टाकून घेतली की झालं. संघाच्या दृष्टीने निर्णय तर्काला धरूनच होता. विनोद असा की त्या डिसेंबरचा आयसीसीचा प्लेयर ऑफ द मंथ एजाजच ठरला. म्हणजे महिन्याचा जगातला सर्वोत्तम खेळाडू, आणि स्वतःच्या देशात संघाबाहेर!

मग मी जरा मागचं काढून पाहिलं. जून २०२१ मध्ये बर्मिंगहॅमला इंग्लंडला हरवलं त्या कसोटीत तो होता, आणि लगेच पुढच्या वर्ल्ड टेस्ट चँपियनशिप फायनलला न्यूझीलंड एकही स्पेशालिस्ट स्पिनर न घेता उतरलं. तो बाहेर. घरच्या मैदानांवर २०१८ ते २०२० मध्ये तीन कसोट्या खेळला, तिन्हीत मिळून विकेट शून्य. कारण षटकंच मोजकी मिळालेली. अबू धाबी, गॉल, मुंबई... याचं सगळं खातं परदेशातलं. आणि न्यूझीलंड काही दर वर्षी आशियात कसोट्या खेळायला येत नाही.

माझ्या लॉजिकमध्ये बग होता तो इथे. न्यूझीलंडमध्ये रांग नव्हती असं नाही. तिथे बेदी नव्हता, पण गवत होतं. शिवलकर एका माणसाच्या मागे उभा राहिला, एजाज एका खेळपट्टीच्या मागे. बेदी निदान कधीतरी रिटायर होतो. गवत कुठे रिटायर होतं?

सगळ्यात गंमत म्हणजे, ज्या कामात तो जगात भारी होता त्या कामाला सगळ्यात जास्त किंमत होती ती त्याच्या आई-वडिलांनी सोडलेल्या शहरात. त्या लाल मातीत. आणि त्या शहराकडे असे डावखुरे इतके होते की तिथे याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नसतं. इथे माती होती पण जागा नव्हती, तिथे जागा होती पण माती नव्हती. हा काही कोणाचा अन्याय नाही. पण "गेला म्हणून नंबर लागला" हे माझं वाक्य अर्धंच बरोबर होतं. नंबर लागला, आणि मग दुसऱ्या रांगेत लागला.

मला माहितीये, आता तुम्ही सौरभ नेत्रावळकरचं नाव काढणार. काढाच. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा तो देव आहे. मुंबईचा, पुन्हा डावखुरा (मुंबईला डावखुऱ्यांचं काय वरदान आहे देव जाणे), पण फास्ट. २०१० चा एकोणीस वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडून खेळला. मुंबईकडून रणजीचा एकच सामना मिळाला. २०१५ मध्ये बॅट-बॉल गुंडाळून कॉर्नेलला मास्टर्स करायला गेला, ओरॅकलमध्ये लागला. आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेकडून खेळताना पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून सामना जिंकून दिला, सहा दिवसांनी न्यूयॉर्कला कोहलीला पहिल्या चेंडूवर आणि रोहितला तीनवर काढलं. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यातही एक नेत्रावळकर दडलाय, फक्त मॅनेजर लीव्ह देत नाही.

पण नेत्रावळकरच्या गोष्टीत सगळे विसरतात ते हे की तो अमेरिकेला क्रिकेटच्या रांगेत उभा राहायला गेलाच नव्हता. तो रांगेतून बाहेर पडला होता. शिकायला गेला, नोकरी केली, आणि सुट्टीच्या दिवशी बोलिंग करत राहिला. अमेरिकेच्या क्रिकेटला लोक हवे होते तेव्हा हा तयार सापडला. त्यात शहाणपणा कमी आणि सातत्य जास्त आहे, असं माझं मत.

आणि उलटा नमुना हवा असेल तर बास्केटबॉलमधला सिम भुल्लर बघा. पंजाबहून कॅनडाला गेलेल्या आई-वडिलांचा मुलगा, टोरंटोला जन्मलेला, उंची साडेसात फुटांच्या जवळपास. एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रमेंटो किंग्जने त्याला एनबीएमध्ये उतरवलं. संघाचा मालक कोण, तर टिब्को सॉफ्टवेअर काढणारे, मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू म्हणून आपल्याकडे पहिल्या पानावर बातम्या. भुल्लर एनबीएत एकूण तीन सामने खेळला, तेही काही मिनिटं. त्यानंतर तो तैवानच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळला, तिथे चांगला खेळला, पोट भरलं, नाव झालं. त्याची बातमी तुम्ही वाचलीत? मी पण नाही. आपल्या पेपरांसाठी त्याचं करिअर त्या तीन सामन्यांतच संपलं होतं. खरं तर ते तिथून सुरू झालं होतं.

इथे मी बाबांच्या चुकीकडे येतो. "आपलाच पोरगा."

हे आपण फार सहज म्हणतो. कोणी नासात लागला, कोणी खासदार झाला, कोणी दहा विकेट घेतल्या की "भारतीय वंशाचा" असं लेबल लावून आपण क्रेडिट आपल्या खात्यात जमा करतो. अहो, पण आपण काय केलं? एजाजला मुंबईने जन्म दिला, हे खरं. बाकी पोराला सकाळी ग्राउंडवर सोडणारे त्याचे आई-बाप, स्पिन शिकवणारे दीपक पटेल, आणि २४ व्या वर्षी "चल, बघू" म्हणणारा एक प्रांतिक संघ. त्याच्या दहाव्या विकेटचा झेल घेणारा रचिन रवींद्र वेलिंग्टनला जन्मला. वडील बंगळूरहून गेलेले, आणि आपल्याच धंद्यातले, सॉफ्टवेअर आर्किटेक्ट! त्यांनी तिथे हट हॉक्स नावाचा क्लब काढला आणि ते पोरांना खेळायला भारतात अनंतपूरला आणत राहिले. म्हणजे न्यूझीलंडच्या हवेत जे मिळत नाही ते त्यांनी स्वतःच्या खिशातून आणि सुट्टीतून मिळवून दिलं. वानखेडेच्या काहीच दिवस आधी कानपूरला शेवटच्या जोडीने ५२ चेंडू अडवून कसोटी वाचवली, ती जोडी कोण? रचिन आणि एजाज. दोन स्थलांतरित घरांतली मुलं, आई-बापांच्या देशाविरुद्ध, त्यांच्याच देशात. त्यांना "आपले" म्हणायचा हक्क त्यांच्या आई-बापांना आहे. आपण टाळ्या वाजवू शकतो, त्या मनापासून वाजवाव्यात. बाबांनी त्या दिवशी वाजवल्या, हे मी मान्य करतो.

तर मग जावं का राहावं?

हा प्रश्न माझ्या वयाच्या निम्म्या लोकांना शनिवारी रात्री पडतो. माझं मत विचाराल तर जावं वाटत असेल तर खुशाल जावं. पण रांग चुकवायला जाऊ नये, कारण ती चुकत नाही. माझा एक जुना टीममेट न्यू जर्सीत आहे. इथे टीम लीडच्या प्रमोशनला दोन वर्षं थांबावं लागलं म्हणून वैतागून गेला. आता ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, जिथे दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे आणि आपल्या देशाचे अर्जच डोंगराएवढे. परवा फोनवर म्हणाला, "दोन वर्षांसाठी कंटाळलो होतो रे!" त्याचं वाईट चाललंय असं नाही. घर आहे, पोरं आनंदात आहेत. फक्त निघताना त्याने स्वतःला जे कारण सांगितलं होतं ते खोटं निघालं.

आणि राहणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. राहण्यात त्याग वगैरे काही नाही. शिवलकर देशासाठी मुंबईत राहिला असं नाही, तो मुंबईचा होता म्हणून राहिला आणि पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत बोलिंग टाकत राहिला. त्याला आपण "बिचारा" म्हणतो तेव्हा त्याच्या ५८९ विकेटांचा अपमान करतो, असं आता मला वाटतं. त्या विकेट कोणी ढापून दिल्या नव्हत्या. ज्या फायनल त्याने जिंकून दिल्या त्या मुंबईने साजऱ्या केल्या होत्या. कसोटीची टोपी मिळाली नाही, ती मिळायला हवी होती, पण आयुष्य टोपीएवढंच नसतं. बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अशी बरीच वर्षं लागली.

मुलांच्या बाबतीत मात्र मला जास्त काळजी वाटते. आपण जातो तेव्हा आपला हिशोब आपण केलेला असतो. आठ वर्षांच्या पोराने केलेला नसतो. "तुझ्यासाठी आलो" हे वाक्य आपण त्याच्या डोक्यावर ठेवतो आणि मग त्याने काहीतरी करून दाखवावं अशी अपेक्षा ठेवतो. एजाजच्या नशिबाने त्याला साडेपाच फुटांवरून तिसऱ्या मार्गाने यायला दहा वर्षं मिळाली. प्रत्येक घरात पोराला एवढी वर्षं मिळतात का? जाणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. राहणाऱ्यांनी तर दोनदा विचारावा, कारण आपल्याकडे दहावीतच पोराचं काय होणार ते जाहीर करून टाकतात.

असो. एजाजची गोष्ट अर्धवट सोडायला नको.

१ नोव्हेंबर २०२४. न्यूझीलंड पुन्हा वानखेडेवर. बंगळूर आणि पुण्याच्या कसोट्या त्यांनी आधीच जिंकलेल्या. एजाज ३६ वर्षांचा. पहिल्या डावात १०३ धावांत ५. शेवटच्या डावात भारताला १४७ हव्या होत्या आणि पंत सुटला होता, ६४ वर. पंतला एजाजने काढलं. शेवटी वॉशिंग्टन सुंदरचा त्रिफळा उडवला तोही त्यानेच. ५७ धावांत ६. भारत १२१ वर संपला, २५ धावांनी हरला, आणि तीन कसोट्यांच्या मालिकेत घरच्या मैदानावर पहिल्यांदाच ३-० असा साफ झाला. या वेळी मॅन ऑफ द मॅच तो होताच, आणि संघही जिंकला होता. वानखेडेवरच्या दोन कसोट्यांत २५ विकेट! त्या दिवशी त्याच्या नावावर एकूण ८५ कसोटी विकेट होत्या, आणि त्यातली एकही न्यूझीलंडमधली नव्हती.

या खेपेला मी पुण्यात होतो. मॅच संपल्यावर बाबांचा फोन.

"पाहिलंस का?"

"पाहिलं."

"हरलो की रे." आणि मग थोडं थांबून, "पण काय टाकतो पोरगा."

"आपला" शब्द त्यांनी वगळला, हे माझ्या लक्षात आलं. का वगळला ते मी विचारलं नाही.

कॅनडाचा तो फॉर्म मी नंतर पूर्ण भरला, घरी सांगून भरला, आणि आम्ही दोघांनी मिळून पाठवायचा नाही असं ठरवलं. उद्या कदाचित पाठवूही. कारण मात्र या वेळी वेगळं असेल आणि खरं असेल, एवढीच खात्री करून घेतलीये.

डिसेंबर २०२५ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ न्यूझीलंडला गेला होता. माउंट माँगानुईच्या तिसऱ्या कसोटीला एजाजला बोलावणं आलं. घरच्या मैदानावर २०२० नंतर पहिल्यांदा. वय ३७. आणि तिथे त्याला मायदेशातली पहिली कसोटी विकेट मिळाली. पदार्पणानंतर सात वर्षांनी, देशात आल्यावर एकोणतीस वर्षांनी.

पेपरात दोन ओळींची बातमी होती. मी ती कापून बाबांना व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, एकच शब्द: "लागला नंबर."